केमोथेरपीच्या औषधांपासून रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचे संरक्षण: गोदामापासून रुग्णाच्या घरापर्यंत

कर्करोगावरची अनेक औषधे पेशींच्या वाढीवरच आघात करतात. रुग्णाच्या शरीरात ती ठरलेल्या मात्रेत आणि ठरलेल्या हेतूने जातात, आणि त्यातून होणारा त्रास रुग्ण आणि डॉक्टर जाणूनबुजून पत्करतात. तेच औषध ते तयार करणाऱ्याच्या, टोचणाऱ्याच्या किंवा सांडलेले पुसणाऱ्याच्या शरीरात गेले, तर त्या माणसाच्या वाट्याला लाभ काहीच येत नाही, केवळ अपाय येतो. म्हणून या औषधांना धोकादायक औषधे असा वेगळा वर्ग करून वागवले जाते.

ही भीती कल्पनेतली नाही. १९७९ साली फिनलंडमधील संशोधकांनी केमोथेरपीची औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत जनुकीय बदल घडवणारे गुणधर्म आढळल्याचे प्रसिद्ध केले, आणि १९८५ साली त्याच देशातील परिचारिकांच्या अभ्यासात अशा कामाचा गर्भपाताशी संबंध दिसून आला. सायक्लोफॉस्फमाइड, मेल्फालान, क्लोरँब्युसिल, ॲझाथायोप्रिन ही औषधे माणसात कर्करोग निर्माण करू शकतात, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात टाकून नमूद केलेले आहे. अमेरिकेच्या नायॉश या कामगार आरोग्य संस्थेने २००४ साली या विषयावर सविस्तर इशारा काढला आणि औषधांची यादी जोडली. ती यादी वेळोवेळी सुधारली जाते आणि आज जगभर आधार म्हणून वापरली जाते.

आपल्याकडे, म्हणजे गोव्यात, या विषयावर बोलताना बहुधा ग्लोव्हज आणि मास्क यांच्यापाशीच चर्चा थांबते. ग्लोव्हज हवेतच, पण औषध ज्या वाटेने रुग्णालयात फिरते ती पूर्ण वाट पाहिली नाही, तर मधल्या एका परिचारिकेच्या हातातील ग्लोव्हजने फारसे काही साधत नाही. खोका उघडणारा स्टोअरमधील मुलगा, बेडपॅन धुणारी सफाई कामगार, चादरी मोजणारा धोबी, रुग्णवाहिकेतील मदतनीस आणि घरी रुग्णाचे कपडे धुणारी त्याची बायको हे सगळे त्या वाटेवर उभे आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना हे कोणी सांगितलेलेच नसते. या लेखात त्याच वाटेने, औषधाच्या मागोमाग जाऊ.

शरीरात शिरण्याचे मार्ग

औषध त्वचेतून, श्वासातून, तोंडावाटे किंवा सुई टोचून शरीरात जाते. यांतला सुईचा अपघात सर्वांच्या लक्षात येतो, पण रोजच्या कामातील सर्वात मोठा मार्ग त्वचेचा आहे. हळद लागलेला हात जिथे जिथे टेकतो तिथे पिवळा ठसा उमटतो, तसेच हे औषध व्हायलवरून, म्हणजे औषधाच्या छोट्या काचेच्या बाटलीवरून, ग्लोव्हजवर, ग्लोव्हजवरून दाराच्या मुठीवर, मुठीवरून फोनवर आणि पेनावर जाते. फरक इतकाच की त्याचा ठसा डोळ्यांना दिसत नाही. डॉक्सोरुबिसिनसारखे एखादे लाल औषध सोडले, तर बहुतेक द्रावणे पाण्यासारखीच दिसतात. हात तोंडाला लागला, त्या हातांनी चहाचा कप धरला किंवा पेजेची वाटी उचलली की तोंडाचा मार्गही उघडतो. म्हणून औषध तयार होते, ठेवले जाते किंवा दिले जाते तिथे खाणे, पिणे, गोळी चघळणे, लिपस्टिक लावणे आणि डब्याची पिशवी ठेवणे पूर्ण बंद असावे. ड्यूटी रूमला जागा नाही म्हणून औषधाच्या खोलीतच टेबलाच्या कोपऱ्यावर डबे ठेवण्याची सवय ज्या वॉर्डात असेल, तिथे सर्वात आधी ते टेबल मोकळे करावे. त्याला एक रुपयाही लागत नाही.

यादी आधी, खरेदी नंतर

प्रत्येक रुग्णालयाने आपल्याकडे प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या धोकादायक औषधांची स्वतःची यादी करावी आणि वर्षातून किमान एकदा तपासावी. ही यादी केवळ कर्करोग विभागात लावून चालत नाही. मेथोट्रेक्सेट संधिवात आणि सोरायसिससाठी बाह्यरुग्ण विभागात लिहिले जाते आणि गर्भनलिकेतील गर्भधारणेसाठी स्त्रीरोग विभागात टोचले जाते. सायक्लोफॉस्फमाइड ल्युपसच्या रुग्णांना मूत्रपिंड विभागात मिळते. ॲझाथायोप्रिन आणि मायकोफिनोलेट प्रत्यारोपणानंतर घेतात, आणि गॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूवरचे औषध आहे. प्रसूतीकक्षात रोज लागणाऱ्या मिसोप्रोस्टॉल आणि ऑक्सिटोसिनचाही गरोदर कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने विचार करावा लागतो. सर्वांना एकाच कडक पद्धतीने हाताळण्याची गरज नाही. अखंड आवरण असलेली गोळी रुग्णाच्या हाती देणे आणि सायक्लोफॉस्फमाइडची पूड विरघळवणे यांत मोठा फरक आहे. पण कोणत्या औषधाला कोणती काळजी हे यादीत त्या औषधाच्या नावासमोर लिहिलेले असावे, आणि ते सफाई कामगारालाही वाचता यावे अशा मराठीत किंवा कोकणीत असावे.

खोका येतो तेव्हा

औषध रुग्णालयात आले की पहिला संपर्क स्टोअरमध्ये होतो. व्हायल न फुटताही तिच्या बाहेरच्या काचेवर कारखान्यातूनच औषधाचा अंश राहिलेला असू शकतो, हे अनेक तपासण्यांत दिसले आहे. त्यामुळे खोका उघडतानाच ग्लोव्हज घालावेत. गोव्यात औषधांचे बरेच सामान घाटमार्गाने येते आणि जून ते सप्टेंबर या काळात खोके ओले होऊन पोहोचणे नवे नाही. ओला, दबलेला किंवा आत काच खुळखुळणारा खोका हलवून पाहू नये. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाजूला ठेवावा, आणि उघडायचाच झाला तर दोन जोड ग्लोव्हज, गाऊन आणि योग्य मास्क घालून, शक्य असल्यास पुढे सांगितलेल्या बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडावा.

साठवण स्वतंत्र असावी. फळी डोळ्यांच्या पातळीपेक्षा खाली आणि पुढे कठडा असलेली हवी, म्हणजे बाटली घसरून पडणार नाही. फ्रिज वेगळा हवा. लस आणि इन्सुलिनच्या शेजारी ही औषधे ठेवू नयेत. फळीवर, फ्रिजवर आणि डब्यावर सायटोटॉक्सिक, म्हणजे पेशींना मारक, अशा धोक्याचे चिन्ह लावावे.

औषध तयार करणे

सर्वात जास्त धोका इथे आहे, त्यामुळे खर्च करायचा असेल तर आधी इथे करावा.

औषध मिसळण्याचे काम वर्ग दोनच्या बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये करावे. हे कॅबिनेट हवा वरून खाली ओढते, फिल्टरमधून गाळते, आणि या कामासाठी ती गाळलेली हवा इमारतीबाहेर सोडलेली असावी. खोलीत बाहेरच्यापेक्षा हवेचा दाब कमी असावा, म्हणजे दार उघडल्यावर आतील हवा वॉर्डात येत नाही. इथे एक ठळक इशारा द्यावासा वाटतो. काही ठिकाणी आडवा झोत देणारे साधे लॅमिनार फ्लो टेबल केमोसाठी वापरतात. ते टेबल औषधाला जंतूंपासून वाचवते, पण हवा समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर फेकते, म्हणजे धोका कमी होण्याऐवजी थेट कर्मचाऱ्याकडे वळतो. ते या कामासाठी अजिबात वापरू नये. ज्या छोट्या रुग्णालयात योग्य कॅबिनेट नाही, तिथे वॉर्डातील टेबलावर, पंख्याखाली किंवा खिडकीपाशी उभे राहून व्हायल विरघळवणे बंद करावे आणि तयार केलेले, लेबल लावलेले औषध सोय असलेल्या केंद्रातून मागवावे. रुग्णाला अर्धा दिवस थांबावे लागेल हे मान्य आहे, पण त्याच टेबलापाशी रोज उभ्या राहणाऱ्या सिस्टरची वर्षानुवर्षांची हानी त्याहून मोठी आहे.

वीज जाणे हा आपल्याकडचा खरा प्रश्न आहे, विशेषतः पावसाळ्यात. कॅबिनेटचा पंखा थांबला की त्याचे संरक्षण त्याच क्षणी संपते. त्यामुळे कॅबिनेट यूपीएसवर असावे, आणि तरीही पंखा बंद पडला तर काम तिथेच थांबवून, उघड्या व्हायल आणि सिरिंज झाकून, हात बाहेर काढण्याआधी वरचे ग्लोव्हज आतच उतरवावेत. पंखा पुन्हा सुरू झाल्यावर लगेच कामाला न लागता निर्मात्याने सांगितलेला वेळ जाऊ द्यावा आणि आतली जागा पुसून घ्यावी.

अंगावर काय घालायचे, तेही नेमके पाहावे. ग्लोव्हज पावडर नसलेले आणि केमोथेरपीच्या औषधांसाठी एएसटीएम डी ६९७८ या मानकानुसार तपासलेले असावेत, आणि खोक्यावर तसे छापलेले असते ते खरेदीच्या वेळी वाचावे. औषध तयार करताना, देताना आणि सांडलेले उचलताना दोन जोड घालावेत. आतला जोड गाऊनच्या बाहीखाली आणि बाहेरचा बाहीवर. निर्मात्याने वेगळे सांगितले नसेल तर ते दर ३० मिनिटांनी बदलावेत, आणि फाटले किंवा औषध लागले तर तत्काळ. गाऊन मागे बंद होणारा, मनगटाशी घट्ट आणि पाणी न झिरपणाऱ्या थराचा असावा. वॉर्डात पुन्हा पुन्हा धुऊन वापरला जाणारा सुती गाऊन औषध शोषून अंगाला चिकटवतो, त्यामुळे तो नसलेलाच बरा. पॉलिथिनचा थर असलेला गाऊन दोन-तीन तासांनी बदलावा लागतो. गोव्याच्या दमट हवेत त्यात घाम येतो, जीव गुदमरतो आणि माणूस नकळत गाऊनची बंदे सैल करतो. यावर कर्मचाऱ्याला बोल लावून उपयोग नाही. पाळ्या लहान कराव्यात आणि खोलीचे वातानुकूलन नीट ठेवावे. शस्त्रक्रियेचा साधा मास्क या औषधांपासून श्वासाचे संरक्षण करत नाही. एन-९५ धूळ आणि थेंबांच्या कणांना अडवतो, पण वाफेला अडवत नाही, आणि चेहऱ्यावर उडणाऱ्या द्रवासाठी गॉगल आणि फेसशील्ड वेगळे लागते.

आता हाताची पद्धत. व्हायलमध्ये द्रव घालताना आत दाब वाढतो, आणि सुई बाहेर काढण्याच्या क्षणी तो दाब औषधाचा बारीक फवारा होऊन रबराच्या बुचाभोवतून बाहेर येतो. हा फवारा दिसत नाही, आवाजही होत नाही. तो टाळण्यासाठी आत घातलेल्या द्रवापेक्षा थोडी जास्त हवा सिरिंजमध्ये परत ओढून घ्यावी, म्हणजे व्हायलमधील दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी राहतो, आणि औषध काढताना तेवढ्याच आकारमानाची हवा आत ढकलू नये. सिरिंज फिरवून घट्ट बसणारी, म्हणजे लूअर लॉकची असावी, आणि ती तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरू नये, नाहीतर दट्ट्या निसटतो. सिरिंजमधील हवेचा बुडबुडा काढण्यासाठी सुई वर करून औषधाचा थेंब हवेत उडवण्याची जी सवय आपल्या हातात शिकाऊ दिवसांपासून बसलेली असते, ती या कामात मोडावीच लागते. बंद प्रणालीची जोडणी साधने मिळाली तर व्हायल आणि सिरिंज यांच्यामधील गळती पुष्कळ कमी होते. ती महाग आहेत, म्हणून निदान सायक्लोफॉस्फमाइडसारख्या, खोलीच्या तापमानालाही थोड्या प्रमाणात वाफ होऊ शकणाऱ्या औषधांसाठी तरी आग्रह धरावा.

आयव्ही सेट, म्हणजे शिरेत औषध नेणारी नळी, औषधाने भरू नये. पिशवीत औषध घालण्याआधीच सेट जोडून तो साध्या सलाईनने भरून घ्यावा, म्हणजे वॉर्डात सिस्टरला नळीच्या टोकातून औषध थेंबथेंब सोडावे लागत नाही. माझ्या मते सगळ्या कामात सर्वात स्वस्त आणि सर्वात मोठा फरक पाडणारा बदल हाच आहे. त्यासाठी फक्त फार्मसी आणि वॉर्ड यांनी आपसांत ठरवून घ्यावे लागते. तयार पिशवी पुसून, लेबल आणि धोक्याचे चिन्ह लावून, न गळणाऱ्या बंद पिशवीत आणि न फुटणाऱ्या डब्यात ठेवून हाताने न्यावी. ज्या मोठ्या इमारतीत नळीतून सामान पाठवण्याची यंत्रणा असते, तिथेही हे औषध त्यातून पाठवू नये.

गोळ्यांचेही असेच आहे. गिळता न येणाऱ्या रुग्णासाठी गोळी खलबत्त्यात कुटणे किंवा वॉर्डातील मोजणीच्या थाळीत तोडणे धोक्याचे आहे, कारण कोरडी पूड श्वासातून सरळ आत जाते. तशी गरज पडली तर डॉक्टरांना विचारून द्रवरूप पर्याय शोधावा, आणि नाहीच मिळाला तर ते काम कॅबिनेटमध्ये करावे.

रुग्णाला औषध देताना

देताना रुग्णाच्या हाताखाली, जोडणीच्या खाली, प्लास्टिकचा थर असलेले शोषक पॅड अंथरावे. सर्व जोडण्या डोळ्यांच्या पातळीच्या खाली कराव्यात, प्रत्येक जोडणीभोवती गॉझ धरावा आणि औषध संपल्यावर सलाईनने नळी धुऊन घ्यावी. संपलेली पिशवी नळीपासून वेगळी करून टाकू नये, कारण तो सांधा सुटताना औषधाचे थेंब पडतात. पिशवी, नळी आणि सुई जशीच्या तशी एकत्र टाकावी. सुईवर टोपण परत चढवू नये, आणि सुई कापण्याच्या किंवा जाळण्याच्या यंत्रात या सुया घालू नयेत.

ग्लोव्हज काढणे ही शिकवायची गोष्ट आहे. घाईत माणूस बोटांच्या टोकांना धरून ओढतो आणि नेमका तोच भाग सर्वात दूषित असतो. योग्य पद्धतीत एका हाताने दुसऱ्या हाताच्या ग्लोव्हजची मनगटाजवळची कडा बाहेरून चिमटीत धरावी, ती आतला भाग बाहेर येईल अशी उलटवत ओढावी, काढलेला ग्लोव्हज मुठीत धरावा, आणि उघड्या हाताची बोटे दुसऱ्या ग्लोव्हजच्या आतल्या बाजूने सरकवून तोही त्यावर उलटवावा. दोन जोड असतील तेव्हा आधी वरचा जोड काढावा, मग गाऊन आणि शेवटी आतला जोड. त्यानंतर साबणाने आणि पाण्याने हात धुवावेत. सॅनिटायझर इथे चालत नाही. अल्कोहोल या औषधांना निष्क्रिय करत नाही, उलट त्याने औषध त्वचेवर पसरू शकते.

बेडपॅन, चादर आणि न्हाणीघर

औषध दिल्यानंतर त्याचा बराच भाग लघवी, शौच, उलटी आणि घाम यांतून बाहेर पडतो. सर्वसाधारणपणे शेवटच्या मात्रेनंतर ४८ तास ही काळजी घ्यायची असते, आणि काही औषधांसाठी त्याहून जास्त. हे ४८ तास गोव्यात विशेष महत्त्वाचे आहेत, कारण उपचार बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात झालेला रुग्ण त्याच संध्याकाळी पेडण्याला, सत्तरीत किंवा काणकोणात घरी गेलेला असतो. रात्री उलट्या सुरू झाल्या तर तो जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा १०८ च्या रुग्णवाहिकेत येतो, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना दोन दिवसांपूर्वी काय टोचले होते याची कल्पना नसते. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या कागदांवर औषधाचे नाव, दिल्याची तारीख आणि काळजी कधीपर्यंत घ्यायची ती तारीख ठळक लिहावी. आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी केमोचा रुग्ण आल्यावर पहिला प्रश्न शेवटची मात्रा कधी झाली हा विचारावा.

वॉर्डात अशा रुग्णाचे बेडपॅन, युरिनल किंवा उलटीचे भांडे उचलताना दोन जोड ग्लोव्हज, गाऊन आणि, उडण्याची शक्यता असेल तर, चेहऱ्याचे संरक्षण घालावे. बेडपॅन जेट स्प्रेने धुऊ नये. आपल्या सगळ्या शौचालयांत तो पाइप लटकलेला असतो आणि हात आपसूक तिकडे जातो, पण त्याच्या जोरदार धारेने दूषित पाणी बारीक थेंब होऊन चेहऱ्यापर्यंत उडते. पाणी हळू ओतावे. कमोडचे झाकण लावून फ्लश करावा, आणि झाकण नसेल तर प्लास्टिकचा थर असलेला शोषक कागद वर धरून करावा. पुरुष रुग्णांनी बसून लघवी करावी. चादरी झटकू नयेत. त्या वेगळ्या, खूण केलेल्या पिशवीत भरून धोबीघरात पाठवाव्यात आणि इतर कपड्यांपासून वेगळ्या, दोनदा धुवाव्यात.

सफाईचे काम बहुधा कंत्राटी कामगार करतात आणि ते वारंवार बदलतात. महिन्यापूर्वी दिलेले प्रशिक्षण आजच्या माणसाला मिळालेले नसते. म्हणून त्या दिवशी कोणत्या खाटेवर केमो चालू आहे हे पाळी सुरू होतानाच सफाई कामगाराला तोंडी सांगावे आणि खाटेवर पाटी लावावी. ज्याच्या हाताला धोका आहे त्याला तो माहीत नसणे, हे मला या सगळ्या विषयातील सर्वात अन्यायाचे वाटते.

औषध सांडले तर

प्रत्येक ठिकाणी, म्हणजे फार्मसी, वॉर्ड, स्टोअर आणि औषध नेणाऱ्याच्या ट्रॉलीवरसुद्धा, स्पिल किट असावे आणि ते कुलपात नसावे. त्यात दोन जोड ग्लोव्हज, गाऊन, गॉगल, मास्क, पायांची आवरणे, शोषक पॅड, काच उचलण्याचे लहान फावडे, जाड पिशव्या आणि सायटोटॉक्सिक लेबले असावीत.

सांडल्याबरोबर आसपासच्यांना सांगून जागा मोकळी करावी आणि पंखा बंद करावा. कोणाच्या अंगावर उडाले असेल तर पुसण्याचे काम नंतर, आधी तो माणूस. कपडे काढून त्वचा साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावी. डोळ्यांत गेले असेल तर किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने किंवा सलाईनने धुऊन लगेच डॉक्टरांकडे न्यावे. मग संरक्षक साधने घालून, द्रव असेल तर त्यावर शोषक पॅड हळू ठेवावे, आणि कोरडी पूड असेल तर पॅड आधी ओले करून ठेवावे, म्हणजे ती उडत नाही. काच कधीही हाताने उचलू नये. उचलून झाल्यावर ती जागा डिटर्जंटने आणि पाण्याने, कमी दूषित कडेकडून जास्त दूषित मध्याकडे जात, किमान दोन-तीन वेळा पुसावी. सोडियम हायपोक्लोराइटचे २ टक्के द्रावण काही औषधांना निष्क्रिय करते, पण सगळ्यांना नाही, आणि ते पोलादी पृष्ठभाग खाते. त्यामुळे त्यानंतर डिटर्जंट आणि पाण्याने पुसणे आवश्यकच राहते. सर्व औषधांवर लागू पडेल असे एकच रसायन उपलब्ध नाही, म्हणून पुसून काढून टाकणे यालाच महत्त्व द्यावे.

कचरा

भारताच्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार सायटोटॉक्सिक औषधे आणि त्यांनी दूषित झालेल्या सर्व वस्तू पिवळ्या गटात येतात. त्यांची पिशवी क्लोरिनविरहित प्लास्टिकची असावी लागते आणि त्यांचे दहन १२०० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमानाला करावे लागते. गफलत नेमकी इथे होते. एरवी आयव्ही सेट, सिरिंज आणि ग्लोव्हज लाल पिशवीत जातात आणि लाल पिशवीतील प्लास्टिक निर्जंतुक करून पुनर्वापरासाठी जाते. केमोचे सेट आणि ग्लोव्हज सवयीने लाल पिशवीत पडले, तर औषध ते प्लास्टिक फोडणाऱ्या कामगारापर्यंत पोहोचते. म्हणून केमोच्या खोलीत लाल डबा ठेवूच नये, असे माझे मत आहे. सुया भोक न पडणाऱ्या कठीण डब्यात, सायटोटॉक्सिक चिन्ह लावून टाकाव्यात. कचरा कुंडईच्या सामायिक प्रक्रिया केंद्राकडे देताना या पिशव्या वेगळ्या बांधून, वेगळे लेबल लावून द्याव्यात. मुदत संपलेल्या व्हायल पुरवठादाराकडे परत पाठवता येतात. त्या बेसिनमध्ये ओतू नयेत.

गरोदरपण, स्तनपान आणि मूल हवे असलेली जोडपी

गर्भाला सर्वात जास्त धोका पहिल्या तिमाहीत असतो, आणि त्या काळातील पहिले काही आठवडे स्त्रीला स्वतःलाही गरोदरपणाची खात्री झालेली नसते. त्यामुळे बातमी कळल्यावर ड्यूटी बदलणे पुरेसे नाही. जी स्त्री किंवा जो पुरुष मूल होण्याच्या प्रयत्नात आहे, त्याने तसे सांगितले की औषध तयार करण्याच्या आणि सांडलेले उचलण्याच्या कामातून त्याला मोकळे करण्याची लेखी तरतूद असावी. हे सांगणे संकोचाचे असते. म्हणून अर्ज थेट एका ठरावीक वरिष्ठ व्यक्तीकडे जावा, त्यात कारण लिहिण्याची सक्ती नसावी आणि पगार, भत्ता किंवा बढती यांवर त्याचा परिणाम होऊ नये. स्तनपान देणाऱ्या मातांनाही हीच सवलत द्यावी. कंत्राटी कामगार स्त्रीला हा नियम कायम कर्मचाऱ्याइतकाच लागू असावा, कारण तिच्या पोटातील मुलाला करारपत्र ठाऊक नसते.

घरी

काही रुग्ण फ्लुओरोयुरॅसिलचा फुग्यासारखा छोटा पंप कमरेला लावून ४६ तासांसाठी घरी जातात, आणि कितीतरी जण कॅपेसिटाबिन किंवा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या घरीच घेतात. त्यांना निरोप देताना परिचारिकेने घरच्यांना समोर बसवून सांगावे. गोळी रुग्णाने स्वतः घ्यावी. दुसऱ्याने द्यायची झाल्यास ग्लोव्हज घालावेत किंवा झाकणातून सरळ रुग्णाच्या हातात टाकावी. गोळी अर्धी करू नये. मेथोट्रेक्सेट बहुधा आठवड्यातून एकदा असते, रोज नाही, हे पाकिटावर वार लिहून सांगावे. उलटी लागलेले कपडे ग्लोव्हज घालून वेगळे, दोनदा धुवावेत आणि ते पाणी विहिरीजवळ ओतू नये. वापरलेली पाकिटे आणि उरलेल्या गोळ्या अंगणात पाचोळ्याबरोबर जाळू नयेत, पंचायतीच्या सुक्या कचऱ्यातही देऊ नयेत. त्या पिशवीत बंद करून पुढच्या भेटीत रुग्णालयाला परत आणाव्यात. पंप गळला तर नळीची चाप बंद करून, ओल्या जागेला हात न लावता वॉर्डात फोन करावा, आणि तो क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलेला असावा. घरात गरोदर सून किंवा मुलगी असेल तर ही कामे तिच्यावर टाकू नयेत.

प्रशिक्षण आणि नोंदी

प्रशिक्षणासाठी एक सोपा प्रयोग आहे. औषधाऐवजी फ्लुओरेसीन मिसळलेले पाणी देऊन नेहमीसारखे काम करायला सांगावे आणि नंतर खोलीतील दिवे बंद करून अतिनील दिव्याखाली हात, टेबल, मुठी, पेन आणि फोन पाहावेत. चमकणारे ठिपके कुठे कुठे गेले हे स्वतः पाहिलेला माणूस पुन्हा ग्लोव्हजसकट फोन उचलत नाही. या प्रयोगात डॉक्टर, फार्मासिस्ट आणि सिस्टर यांच्याबरोबर सफाई कामगार आणि स्टोअरचा माणूसही असावा.

कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांची रुजू होताना आणि नंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करणे २०१६ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. केमो तयार करणाऱ्यांच्या तपासणीत रक्तपेशींची मोजणी आणि प्रजनन आरोग्याविषयी गोपनीय विचारणा जोडावी, आणि कोणी किती काळ कोणती औषधे हाताळली याची नोंद कर्मचारी सोडून गेल्यावरही जपावी, कारण काही परिणाम अनेक वर्षांनी दिसतात. सांडणे, टोचणे, उडणे यांची नोंदवही वॉर्डातच असावी. तिच्यात तारीख, औषध, अंदाजे प्रमाण, कोणाला कुठे लागले, काय उपाय केला आणि पुढे काय बदलले एवढे लिहिले तरी पुरते. ही वही शिक्षेसाठी वापरली जाणार नाही असे प्रमुखांनी लेखी सांगितले, तरच तिच्यात खरे लिहिले जाईल. महिन्याच्या बैठकीत ती उघडून, शेवटचा रकाना रिकामा राहिलेल्या प्रत्येक नोंदीवर कोण काय करणार हे त्याच दिवशी ठरवावे.